कोबा टाकण्याआधी: काँक्रीटचं चर्च सांभाळणाऱ्या धर्मग्रामांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, वसई आणि रायगड परिसरातले प्रमुख धर्मगुरू, पाळकीय मंडळं आणि आर्थिक समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

१९५० ते १९८५ या काळात बांधलेलं काँक्रीटचं चर्च ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. पावसाळा तोंडावर आला की गळक्या छतावर सभेत बहुतेक वेळा तीनच उपाय पुढे येतात. छतावर विटांचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जाड थर, टाका, वरून पत्र्याची शेड घाला, आणि पाणी आत उडतं म्हणून मधला उघडा चौक पॉलिकार्बोनेटनं झाका. तिन्ही कामं एका उन्हाळ्यात उरकतात आणि तिन्हींचे कंत्राटदार गल्लीत मिळतात. पातळ कवचाच्या, म्हणजे काँक्रीटच्या वळणदार पापुद्र्यासारख्या, छतावर या तिन्हींनी इमारत आणखी लवकर खंगते. मग काही वर्षांनी चौथा ठराव येतो, पाडून नवीन बांधण्याचा. पहिले तीन ठराव करण्याआधी काय तपासायचं हे नीट लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी काँक्रीटच्या दुरुस्तीत काम करणारे आम्ही काही अभियंते आणि वास्तुरचनाकार हे लिहीत आहोत.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. दादरच्या गोखले रोडवरचं तारणमातेचं चर्च, म्हणजे अवर लेडी ऑफ साल्वेशन. बसचा कंडक्टर अजूनही ‘पोर्तुगीज चर्च’ असंच ओरडतो. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ते १५९६ साली स्थापलं, मुंबई इंग्रजांच्या हाती जाण्याच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी. आज तिथं उभी असलेली इमारत मात्र १९७४ ते १९७७ मधली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. नाव पोर्तुगीज, आणि इमारतीत पोर्तुगीज म्हणावं असं काही नाही. दोन बुरूज, मधे घड्याळ, आत लांबलचक मधली वाट आणि टोकाला भिंतीला टेकलेली वेदी, हा साचा तिथं मोडला आहे. त्याऐवजी एकमेकांत गुंतलेल्या जागा आहेत, काही छताखालच्या, काही थेट आकाशाखालच्या. येशूच्या आयुष्याचे तीन टप्पे, म्हणजे बाप्तिस्म्यापासूनचा काळ, लोकांत फिरून दिलेली शिकवण आणि बलिदान, यांवरून कोरियांनी या जागांची मांडणी केली. झाकलेल्या भागांवर काँक्रीटची उंच कवचं आहेत, वरच्या टोकाला उघडी. आतल्या सजावटीत एम. एफ. हुसेन यांचाही हात आहे.

हा साचा मोडावासा का वाटला, याला कारण आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक चर्चची जागतिक धर्मसभा, १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि उपासनेविषयीचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी आला. उपासनेत लोकभाषेला जागा मिळाली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली. पुढच्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा जागतिक मेळावा, भरली, पोप सहावे पॉल स्वतः आले, आणि हे नवं वारं इथं थेट पोचलं. युरोपात त्याच्या आधीच दुसरं कारण घडलं होतं. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत फ्रान्समधलं ल हाव्र शहर जमीनदोस्त झालं, आणि तिथं ऑग्युस्त पेरे यांनी सेंट जोसेफचं पॅरिश चर्च उघड्या काँक्रीटमध्ये उभं केलं. मनोरा १०७ मीटर, भिंतींत १२,७६८ रंगीत काचा, काम १९५१ ते १९५७. पेरेंनी पुन्हा उभारलेलं ते शहर २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मेक्सिको सिटीत फेलिक्स कांदेला यांनी १९५०च्या दशकात चमत्कारी पदकाच्या मातेचं चर्च बांधलं, त्याच्या वळणदार छताची जाडी जेमतेम चार सेंटिमीटर. आपल्याकडची कवचाची चर्चं याच पिढीची धाकटी भावंडं आहेत. ‘गोडाऊनसारखं दिसतं’ हा शेरा आम्हीही ऐकतो. पण त्यावर उपाय म्हणून जीआरसीच्या (काचतंतू घातलेल्या पातळ काँक्रीटच्या) गॉथिक कमानी बाहेरून डकवणं म्हणजे नातवाला आजोबांचा शर्ट घालणं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. दादरच्या इमारतीची आजची प्रकृती कशी आहे, यावर हे पत्र काही सांगत नाही. तपासल्याशिवाय कुणीही सांगू नये, हाच तर मुद्दा आहे. पुढचं सगळं त्या जातीच्या कुठल्याही छताला लागू आहे.

आधी वजन. कवच ५० मिलिमीटर जाड असेल तर त्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साधारण १२५ किलो. ज्या छतावर फक्त देखभालीसाठी जायचं, त्यावर भारतीय मानकाप्रमाणे आणखी ७५ किलोचा भार धरतात. आता विटांचा कोबा घ्या. सरासरी १०० मिलिमीटर जाडीचा कोबा कोरडा असतानाच २०० किलोच्या आसपास जातो, आणि पावसाळ्यात विटा पाणी पितात. म्हणजे छताच्या पाठीवर छतापेक्षा जड ओझं. सपाट स्लॅबवर कोबा पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण तो स्लॅब १२०-१५० मिलिमीटरचा असायचा आणि त्या भाराचा हिशोब मुळात केलेला असायचा. कवचाची ताकद जाडीत नसते, आकारात असते. भार सगळीकडे सारखा पसरलेला असेल तोवर ते सहज पेलतं. एका कडेला ढीग पडला की वाकू लागतं, आणि वाकण्यासाठी त्यात सळईच नसते. त्यात उतार तीव्र असला की कोबा कवचावर ठरतच नाही. मग तो कवच आणि बाजूचं सपाट छत यांच्या बेचक्यात भरला जातो. नेमकी तीच सगळ्यात नाजूक जागा.

नाजूक का, ते सांगतो. शंकूच्या आकाराचं कवच खालच्या कडेला बाहेर ढकलत असतं. हा रेटा कडेची गोल किंवा चौकोनी तुळई पकडून धरते, पिंपाला लोखंडी पट्टी धरते तशी. त्या तुळईत ताण असतो, ताणात काँक्रीटला जवळजवळ काहीच जमत नाही, म्हणजे सगळं काम सळयांवर. आणि छताची पन्हळ कुठं असते? त्याच तुळईच्या डोक्यावर. पिंपळाची पानं आणि कबुतरांची घाण यांनी पन्हळीचं तोंड बुजतं, पाणी उभं राहतं आणि झिरपतं ते थेट त्या सळयांकडे. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत १०० चौरस मीटर छतावरून सेकंदाला जवळजवळ २.८ लिटर पाणी येतं. एका पाइपावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक पन्हळीला दोन तोंडं हवीत, शिवाय थोडं वर एक उसळीचं भोक हवं, म्हणजे तोंड बुजलं तर पाणी बाहेर धबाधबा पडून तुम्हाला कळेल. कवचाची पाहणी सुरू करायची ती इथून, वरच्या टोकापासून नव्हे.

आता हवा. कवचाचं वरचं टोक उघडं ठेवलेलं असतं ते शोभेसाठी नाही. माणसांनी भरलेल्या चर्चमधली गरम हवा वर चढते, टोकातून निघून जाते आणि तिच्या जागी चौकातली गार हवा आत ओढली जाते. ही ओढ किती नाजूक असते बघा. दहा मीटर उंची आणि आत-बाहेर तीन अंशांचा फरक धरला, तर दाब भरतो साधारण एक पास्कल. फुंकर मारल्यावर त्याच्या कितीतरी पट दाब पडतो. म्हणून कबुतरं येऊ नयेत यासाठी लावलेली बारीक जाळी धुळीनं आणि पिसांनी भरली की सगळा खेळ संपतो, लोक पंखे वाढवतात आणि दोष कोरियांच्या पिढीला देतात. जाळी लावायची असेल तर १९ मिलिमीटरच्या आसपासच्या भोकांची, स्टेनलेस स्टीलची आणि काढून धुता येईल अशा चौकटीत. चौक पॉलिकार्बोनेटनं झाकला की गार हवेचा उगमच बंद होतो. खाली उन्हाची भट्टी तयार होते, पावसाळ्यात आतली दमट हवा बाहेर जात नाही आणि काँक्रीटला बुरशी धरते. पाऊस आत उडत असेल तर चौकाच्या कडेला छज्जा वाढवा किंवा उभ्या, तिरक्या पात्यांची झडप लावा. वरून झाकण नको.

पत्र्याच्या शेडबद्दल थोडक्यात. तिचे खांब उभे करायला कवचात भोकं पाडतात आणि प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. वाऱ्याच्या हिशोबात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. शेडला खालून लागणारी उचल त्या पातळ कवचाच्या चार बोल्टांवर येते. शेवटी, शेडखाली गळती दिसेनाशी होते, पण आधीच शिरलेलं मीठ आणि ओल तिथंच राहते. पुढची दहा वर्षं कुणी वर बघत नाही.

काँक्रीट आजारी कसं पडतं, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, कारण ‘केमिकल मारून देतो’ म्हणणारा माणूस ते सांगत नाही. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२.५ च्या वर असतो आणि त्या अल्कलीच्या, म्हणजे क्षाराच्या, वेढ्यात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकत हा क्षार संपवत जातो. सरकण्याची खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंचवीस वर्षांत १५ मिलिमीटर गेला असेल, तर पंचेचाळिसाव्या वर्षी २० मिलिमीटरला पोचतो. १९७८ च्या मानकात स्लॅबच्या सळईवर १५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, पुरेसं धरलं होतं. आज तेच मानक समुद्रकाठाला ४५ मागतं. त्यात तेव्हाचं काँक्रीट बहुधा एम-१५ दर्जाचं, म्हणजे आजच्या मानानं कमी ताकदीचं, सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि सळई पीळ दिलेलं टॉर स्टील. त्यामुळे या वयात भेगा दिसणं म्हणजे बांधणाऱ्यांनी फसवलं असं नव्हे, आणि इमारत संपली असंही नव्हे. दुसरा शत्रू मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेलं क्लोराइड क्षार शाबूत असतानाही सळईला खड्डे पाडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून सळईच्या रेघेवर तडा जातो आणि मग पोपडा सुटून खाली पडतो.

यातली एक गंमत लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइड कोरड्या, आतल्या बाजूनं जास्त खोल जातो. पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या बाजूला तो कमी शिरतो. पण गंजायला पाणी लागतं. त्यामुळे आतून तपासणीचा आकडा भयंकर दिसला तरी सळई चकचकीत असू शकते, आणि बाहेरून आकडा बरा असूनही पन्हळीखाली सळई अर्धी झालेली असू शकते. एका चाचणीवर निकाल देणाऱ्याचा अहवाल परत पाठवा.

चाचण्या अशा मागा. सळईचं कव्हर मोजणारं यंत्र संपूर्ण छतावर, एक मीटरच्या चौकटीत. कडेच्या तुळईवर अर्ध्या मीटरच्या. फिनॉल्फ्थॅलिनची फवारणी निदान बारा-पंधरा ठिकाणी, ताज्या फोडलेल्या तुकड्यावर, धूळ फुंकून. गुलाबी झालं तिथं क्षार शिल्लक, रंगहीन राहिलं तिथं संपलेला. क्लोराइडसाठी ड्रिलची भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून वेगळी गोळा करायची, एकत्र मिसळायची नाही, नाहीतर मीठ बाहेरून येतंय की बांधतानाच वाळूतून आलं होतं हे कळत नाही. हाफ-सेल चाचणीत सळईचा विद्युतदाब मोजतात; तांबे-तांबे सल्फेट इलेक्ट्रोडशी तुलना करून उणे ३५० मिलिव्होल्टच्या खालचं वाचन आलं तर तिथं गंज चालू असण्याची शक्यता फार मोठी, उणे २०० च्या वर असेल तर फार कमी.

अंशतः फसवी चाचणी म्हणजे रिबाउंड हॅमर, पृष्ठभागावर आपटून किती उसळतो यावरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा. क्षार संपलेला पृष्ठभाग कडक होतो आणि हातोडा खोटा चांगला आकडा देतो. उलट पातळ कवच हातोड्याखाली थरथरतं आणि खोटा वाईट आकडा देतं. पातळ भागावर तो आकडा धरूच नये. तसंच ५० मिलिमीटरच्या कवचातून कोअर, म्हणजे काँक्रीटचा कापून काढलेला गोल नमुना, काढायचा आग्रह धरू नका. प्रमाणित लांबीचा नमुना मिळत नाही आणि छताला आरपार भोक मात्र पडतं. कोअर काढायचेच तर खांबातून आणि जाड तुळईतून काढा. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांच्या खाली नको, हा मानकातला निकष आहे. आणि सगळ्यात स्वस्त चाचणी विसरू नका. परांची बांधून, छोट्या हातोडीनं टकटक करत सगळं छत फिरायचं. पोकळ आवाज आला तिथं खडूनं खूण करायची आणि त्या खुणा आराखड्यावर उतरवायच्या. अहवालात सरासरी आकडे नकोत, नकाशा हवा.

मुंबईत तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली करून घ्यावीच लागते. निष्कर्ष सी-१ ते सी-३ या वर्गांत येतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२अ म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यासाठी इमारत रिकामी करावी लागेल. सी-२ब म्हणजे लोक आत असताना करता येण्यासारखी संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. आमचं म्हणणं एवढंच, की सी-१ चा शिक्का वर सांगितलेल्या नकाशाशिवाय मान्य करू नका. पुनर्विकासाचा प्रस्ताव टेबलावर असताना आलेला सी-१ असेल, तर दुसऱ्या, त्या प्रस्तावाशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्या. धोका खरा असेल तर दोन्ही अहवाल जुळतील, आणि मग एक दिवसही न थांबता टेकू लावून जागा रिकामी करा. पणजीच्या कला अकादमीत, कोरियांच्याच इमारतीत, जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला. अशा संरचनांना हात लावताना आधी टेकू, मग छिन्नी.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे, पण त्यात चुकाही नेहमीच्याच होतात. टेकू लावल्यावर खुणा केलेल्या भागाच्या कडा कटरनं दहा मिलिमीटर खोल, काटकोनात कापायच्या. पातळ, निमुळती कड पहिल्या उन्हाळ्यात उकलते. काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिलिमीटरपर्यंत काढायचं, म्हणजे सळईला सगळीकडून नवं काँक्रीट मिळेल. नुसती पुढची बाजू घासून रंग मारणं म्हणजे गंजाला घर देणं. पातळ कवचात एवढं खोल जाता येत नाही. तिथं तो तुकडा आरपार काढून, खालून फळ्या लावून पुन्हा ओतावा लागतो, आणि एका वेळी छोटे, एकमेकांपासून लांबचे तुकडेच घ्यायचे. सळई चकचकीत होईपर्यंत साफ करायची. जाडी पाचव्या हिश्श्यानं कमी झाली असेल तर शेजारी नवी जोडायची. जस्तयुक्त प्रायमर, मग बाँडिंगचा थर, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका थरात १०-१५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. सात दिवस ओलं पोतं. हे पोतं कंत्राटदार तिसऱ्या दिवशी काढतो. रोज फोटो मागा.

खाऱ्या काँक्रीटमध्ये आणखी एक फसवणूक होते, तीही निसर्गाची. नवा तुकडा निरोगी असतो, त्यामुळे त्याच्या कडेला लागून असलेली जुनी सळई आता एकटीच गंजू लागते, आणि तीनचार वर्षांत तुकड्याभोवती गोल कंगोऱ्यासारखी भेग उमटते. लोक म्हणतात, दुरुस्ती वाईट होती. वाईट नसते, अपुरी असते. क्लोराइड जास्त निघालं असेल तर तुकड्याच्या कडेनं सळईला बलिदानी जस्ताचे अॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे तुकडे, बांधायचे, हे निविदेतच लिहा, नाहीतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात येतं.

शेवटचा थर म्हणून रबरासारखा जाड इलॅस्टोमेरिक रंग आतून-बाहेरून मारू नका. ओल आत कोंडते. वाफ जाऊ देणारं, कार्बन डायऑक्साइड अडवणारं लेपन मिळतं, तेही पारदर्शक. फळ्यांचे ठसे दिसणारं उघडं काँक्रीट असेल तर गिलावा करायचा मोह टाळा. गिलाव्यानं भेगा झाकल्या जातात, बऱ्या होत नाहीत. रंग जुळवण्यासाठी एक फूट बाय एक फूटचे चार नमुने भिंतीच्या मागच्या बाजूला करून एक महिना उन्हात ठेवा, मग निवडा. आणि आवाज घुमतो म्हणून फॉल्स सीलिंग लावायचं असेल, तर त्याआधी एका मोठ्या स्पीकरऐवजी खांबांवर छोटे उभे स्पीकर, मागच्या रांगांना थोड्या विलंबानं, एवढं करून बघा. फॉल्स सीलिंगच्या मागे गळती पाच वर्षं दिसत नाही.

वेळेबद्दल. नोव्हेंबर ते जानेवारी लग्नं आणि नाताळ, जूनपासून पाऊस. उरतो तो इस्टरआधीचा उपवासकाळ. त्या सहा-साडेसहा आठवड्यांत सहसा लग्नं लागत नाहीत, हवा कोरडी असते, आणि आतली परांची वेदीचा भाग सोडून उभी करता येते. मात्र तपासणी त्याच वर्षी करून त्याच वर्षी दुरुस्ती होत नाही. या पावसाळ्यात गळतीच्या जागा तारीख-वेळ घालून आराखड्यावर नोंदवा, पाऊस थांबल्यावर चाचण्या, डिसेंबरपर्यंत निविदा, पुढच्या उपवासकाळात काम.

त्यासाठी लागतो मूळ आराखडा. तो बहुधा सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीचं साहित्य ठेवायच्या खोलीच्या, कपाटात, जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरांच्या खाली, गुंडाळी करून पडलेला असतो. १९६०-७० च्या अमोनिया प्रिंट उजेडात फिकट होतात आणि घडीवर फाटतात. हलक्या हातानं उलगडून दोन दिवस पुठ्ठ्यांमध्ये वजनाखाली ठेवा, मग पूर्ण आकारात स्कॅन करा, आणि सळयांचे तक्ते असलेली पानं सर्वात आधी.

आपले,
काँक्रीट दुरुस्तीच्या आणि इमारत संवर्धनाच्या कामातले काही अभियंते व वास्तुरचनाकार